अंगठ्याला साक्षीदार

आमच्या घरी पैसे सायकलवरून येत. साठच्या दशकात मालवण तालुक्यातल्या आमच्या वाडीत वीज नव्हती आणि डांबरी सडकही नव्हती. महिन्यातून एकदा पोस्टमन गडग्याला सायकल टेकवून अंगणात येई. आई पदराला हात पुसत पडवीत येई. परळच्या गिरणीत साचेखात्यात काम करणाऱ्या वडिलांची मनीऑर्डर आलेली असे. रक्कम चाळीस रुपये, दिवाळीच्या महिन्यात थोडी अधिक. फॉर्मच्या खालच्या कुपनावर वडिलांनी कुणाकडून तरी दोन ओळी लिहून घेतलेल्या असत. पोस्टमन त्या वाचून दाखवी. मग शाईची डबी उघडली जाई आणि आईचा डावा अंगठा कागदावर उमटे.

पण नुसत्या अंगठ्याने काम भागत नसे. अंगठ्याला साक्षीदार लागे. शेजारचे आबा लिहिता-वाचता येणारे. त्यांना हाक मारायची, ते चष्मा लावून यायचे, सही करायचे आणि नोटा मोजल्या जात असताना तिथेच उभे राहायचे. संध्याकाळपर्यंत आमच्या घरी किती रुपये आले हे सगळ्या वाडीला कळलेले असे. दुसऱ्या दिवशी त्यातले पाच रुपये उसने मागायला कुणी ना कुणी येईच. बहुधा आबांच्याच घरातले. आईला नाही म्हणता येत नसे. ज्याची सही लागते, त्याला नाही कसे म्हणायचे?

पुढे मी बँकेत लागलो, सदतीस वर्षे नोकरी केली आणि २०१६ साली निवृत्त झालो. गरिबाच्या हाती पैसा कसा पोहोचतो आणि पोहोचल्यावर त्याचे काय होते, हे पाहण्यातच माझे आयुष्य गेले. आज खिशातल्या फोनवरून क्षणात पैसे जातात. बँक, फोन आणि आधार यांच्या जोरावर गरिबी हटेल असे एका बाजूने सांगितले जाते, तर हा सारा गरिबाला लुबाडण्याचा नवा मार्ग आहे असे दुसरी बाजू म्हणते. दोन्ही बाजूंची भाषणे मी ऐकली आहेत. मला मात्र हा प्रश्न आईच्या त्या अंगठ्यापासूनच सुरू करावासा वाटतो.

वाट होती, पैसा नव्हता

टपालखात्याने १८८० साली मनीऑर्डर सुरू केली आणि तिने कोकणची शंभर वर्षे पोसली. ही वाट फुकट नव्हती. पुढच्या काळात तर वीस रुपयांमागे एक रुपया, म्हणजे पाच टक्के पाठवणावळ पडे. शिवाय पोस्टमनचे चहापाणी आणि आबांचा पाचाचा हिशेब. पण वाट विश्वासाची होती. चाळीतल्या खाटेवर पाळीपाळीने झोपणारा माणूस त्याच वाटेने आपले घर चालवीत होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मी त्या वेळी बँकेत नोकरीला होतो, म्हणून आमच्या घरची मनीऑर्डर थांबली नाही. फॉर्मवरचे पाठवणाऱ्याचे नाव तेवढे बदलले. पण वाडीतल्या इतर घरी पोस्टमन जाईनासा झाला. पोस्टमन तोच, सायकल तीच, फॉर्मही तोच. पलीकडे पगारच नव्हता. कुणी भात विकले, कुणी कलमे गहाण टाकली, कुणाच्या मुलाची शाळा सुटली.

तेव्हापासून एक गोष्ट मी मनाशी पक्की बांधली आहे. पैशाची वाट ही बागायतीतल्या पाटासारखी असते. पाट चांगला बांधला तर पाणी वाया जात नाही, शेवटच्या माडापर्यंत पोहोचते. पण पाट म्हणजे विहीर नव्हे. विहीर आटली तर पाट कितीही चिरेबंदी असला तरी कोरडाच राहतो. तंत्रज्ञान आणि बँका गरिबीचे काय करू शकतात, या चर्चेत हा भेद फार लवकर विसरला जातो.

माझी एक सही

१९६९ च्या १९ जुलैला चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याआधीची स्थिती काय होती? १९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्रामीण कर्जाची देशभर पाहणी केली, तेव्हा खेड्यातल्या कर्जापैकी सुमारे सत्तर टक्के कर्ज सावकारांचे आणि जेमतेम तीन टक्के सहकारी संस्थांचे निघाले. व्यापारी बँका तर खेड्यात जवळजवळ नव्हत्याच. १९७७ मध्ये असा नियम आला की, जिथे बँक आहे अशा ठिकाणी एक नवी शाखा उघडायची असेल, तर बँक नसलेल्या चार ठिकाणी शाखा उघडल्या पाहिजेत. हा नियम १९९० पर्यंत चालला. अशाच एका शाखेत १९८३ साली मला मराठवाड्यात पाठवण्यात आले. पत्र्याच्या दोन खोल्या, एक तिजोरी, पितळी बिल्ले, लेजरची जाडजूड बाडे आणि टेबलावर जांभळ्या शाईचे पॅड.

त्या काळी एकात्मिक ग्रामीण विकास योजनेचे लक्ष्य पूर्ण करायचे असे. म्हशी, शेळ्या, शिलाई यंत्रे यांच्या कर्जाच्या फायली पंचायत समितीकडून गठ्ठ्याने येत. मार्च महिन्यात तर दिवसाला तीस-चाळीस. प्रत्येक फायलीत आठ-दहा जागी अंगठा आणि त्याखाली ‘माझ्यासमक्ष अंगठा केला’ म्हणून अधिकाऱ्याची सही. अधिकारी मी होतो. एका भूमिहीन मजुराच्या फायलीवर मी अशीच सही केली. कागदावर काय लिहिले आहे हे त्याला वाचून दाखवणे माझे काम होते. मी ते केले नाही. बाहेर रांग होती आणि दिवस संपत आला होता.

दोन वर्षांनी वसुलीसाठी जीप घेऊन मी त्याच्या झोपडीपुढे गेलो. तो म्हणाला, “साहेब, म्हैस? कसली म्हैस?” गावातल्या एका पुढाऱ्याने सरकारी अनुदान मिळते म्हणून त्याला आणले होते आणि शंभर रुपये हाती ठेवून परत पाठवले होते. म्हैस एका दावणीवरून दुसऱ्या दावणीवर फोटोपुरती फिरली होती. कर्ज मात्र त्याच्या नावावर होते, कारण अंगठा त्याचा होता आणि साक्ष माझी. १९९० च्या दहा हजार रुपयांपर्यंतच्या कर्जमाफीत ते कर्ज पुसले गेले. माझी सही पुसली गेली नाही.

हे सांगितल्यावर खेड्यातल्या त्या शाखा वायाच गेल्या असे कुणी म्हणेल. बरीच वर्षे मलाही तसे वाटे. पण रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी १९७७ ते १९९० च्या त्या शाखाविस्ताराचा राज्यवार अभ्यास करून २००५ मध्ये निष्कर्ष मांडला, की ज्या ग्रामीण भागात बँका पोहोचल्या तिथे गरिबी लक्षणीय कमी झाली. थकबाकी मोठी होती हेही त्यांनी लपवले नाही. मी माझ्या शाखेच्या आठवणी पुन्हा उलगडून पाहिल्या, तेव्हा म्हशींच्या फायलींखाली दडलेली दुसरी रांग मला दिसली. ती पासबुकांची होती. ऊसतोडीहून परतलेली बाई उचल फेडून उरलेले चारशे रुपये खात्यात टाके आणि पावसाळ्यात दहा-वीस करून काढी. नवऱ्याला ते ठाऊक नसे. एरवी आषाढात ती सावकाराच्या दारात गेली असती. तिच्यापुरते बँकेने एवढेच केले की, तिचे पैसे तिच्यासाठी सांभाळून ठेवले. एवढेच, पण ते थोडे नव्हते.

नैरोबीची मनीऑर्डर

गिरणगाव आणि कोकण यांचे जे नाते, तेच नैरोबी आणि केनयातल्या खेड्यांचे. पुरुष शहरात, कुटुंब गावात. तिथे लोक गावी जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे किंवा ओळखीच्या माणसाकडे नोटांचे पाकीट देत. वाटेत पाकीट हरवे, उशिरा पोहोचे, कधी पोहोचतच नसे. मार्च २००७ मध्ये सफारीकॉम या टेलिफोन कंपनीने ‘एम-पेसा’ ही सेवा सुरू केली. स्वाहिलीतला ‘पेसा’ म्हणजे आपलाच पैसा, हिंदी महासागर ओलांडून गेलेला. साधा बटणांचा फोन आणि कोपऱ्यावरचा दुकानदार, एवढ्यावर ती चाले. शहरात दुकानदाराकडे रोख द्यायची, संदेश पाठवायचा, गावातल्या दुकानात बायकोने रोख घ्यायची. सुरुवातीच्या जाहिरातीचा आशयही घरी पैसे पाठवा, एवढाच होता. आमच्या पोस्टमनला ते लगेच समजले असते.

तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या दोघा अभ्यासकांनी २००८ पासून केनयातल्या कुटुंबांचा सातत्याने मागोवा घेतला. त्यांना पहिल्यांदा जे आढळले ते असे: घरात आजारपण आले, पीक बुडाले किंवा नोकरी गेली, की एम-पेसा न वापरणाऱ्या कुटुंबांचा घरखर्च सुमारे सात टक्क्यांनी खाली येई. वापरणाऱ्यांचा येत नसे. कारण अडचणीच्या वेळी भाऊ, मामा, शहरातली लेक यांच्याकडून थोडे थोडे पैसे लगेच पोहोचत. सात टक्के ऐकायला लहान वाटतात. पण गरिबाच्या ताटातले सात टक्के म्हणजे मुलाचे दूध किंवा औषधाची बाटली. गरीब माणूस नुसता कमी मिळकतीने गरीब नसतो. त्याची मिळकत आज आहे, उद्या नाही, आणि एका धक्क्यात तो पाच वर्षे मागे जातो. त्या धक्क्याला हात देणारी गोष्ट ही खरी मदत.

२०१६ मध्ये याच दोघांनी ‘सायन्स’ नियतकालिकात लिहिले की, या सेवेमुळे १ लाख ९४ हजार कुटुंबे, म्हणजे केनयातली सुमारे दोन टक्के कुटुंबे, दारिद्र्यातून वर आली आणि १ लाख ८५ हजार स्त्रिया शेतीतून छोट्या व्यवसायाकडे वळल्या. या आकड्यांवर २०१९ मध्ये काही अभ्यासकांनी आक्षेप घेतले. छोटी दुकाने जेवढी निघतात तेवढीच बुडतातही, आणि लोकांच्या डोक्यावर चढणारे कर्ज यात मोजलेच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वाद अभ्यासकांनी मिटवावा. पण पैसे पाठवण्याचा खर्च आणि धोका कमी झाला की गरिबाचे काहीतरी नक्की वाचते, एवढे मान्य करायला मला अडचण वाटत नाही.

फोनचे म्हणाल, तर त्याने बँक होण्याआधीच हे दाखवून दिले होते. रॉबर्ट जेन्सन यांनी उत्तर केरळच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा १९९७ ते २००१ या काळात अभ्यास केला. मोबाईल आल्यावर होड्या समुद्रातूनच भाव विचारू लागल्या आणि जिथे गिऱ्हाईक आहे त्या बंदराला लागू लागल्या. मासळी फेकून देणे थांबले. मच्छीमारांचा नफा सरासरी आठ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी चार टक्क्यांनी स्वस्त मिळाली. एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचा तोटा, असे इथे झाले नाही. मधली नासाडी तेवढी गेली.

साक्षीदारापासून सुटका

आता आपल्याकडे येऊ. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिला गेला. २८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजना सुरू झाली आणि एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आले. जागतिक बँकेच्या पाहणीनुसार भारतात २०११ मध्ये शंभर प्रौढांमागे पस्तीस जणांचे खाते होते. २०२४ मध्ये एकोणनव्वद जणांचे होते. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवर दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. मालवणच्या बाजारात बांगड्यांचा वाटा मांडून बसलेल्या बाईच्या टोपलीशेजारीही तो चौकोनी ठिपक्यांचा कागद उभा असतो आणि पैसे आल्याचे डबी ओरडून सांगते. सुट्ट्या पैशांवरून होणारे भांडण तेवढे ऐकू येईनासे झाले आहे.

मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. आज माझी आई असती, तर तिला आबांना हाक मारावी लागली नसती. पैसे किती आले हे तिच्याशिवाय कुणाला कळले नसते. ज्या साक्षीदाराच्या भिडेपोटी ती दर महिन्याला पाच रुपये गमावत होती, त्या साक्षीदारापासून तिची सुटका झाली असती. आंध्र प्रदेशात रोजगार हमीची मजुरी आणि पेन्शन बोटाचा ठसा घेऊन देण्याची पद्धत आली, तिचा मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पैसे लवकर मिळू लागले, नेमाने मिळू लागले आणि मधल्या मधे खाल्ले जाणारे कमी झाले, असे त्यात दिसले. माझ्या म्हशीच्या फायली आठवून मी तो निष्कर्ष वाचला आणि खरे सांगायचे तर मला बरे वाटले.

पण नुसते खाते म्हणजे सुटका नव्हे. २०२१ च्या पाहणीत भारतातल्या खातेदारांपैकी सुमारे एक-तृतीयांश लोकांनी वर्षभरात खात्याला हातच लावलेला नव्हता. उत्तर मध्य प्रदेशात एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्षही २०२१ चेच. काही स्त्रियांना नुसते खाते दिले. काहींना खाते देऊन ते कसे चालवायचे हे शिकवले आणि त्यांची मजुरी नवऱ्याच्या खात्याऐवजी त्यांच्याच खात्यात जमा केली. घराबाहेर काम करण्याचे प्रमाण वाढले ते या दुसऱ्या गटात. पाट होता, त्यात तिचे स्वतःचे पाणी आले, आणि फळी कशी उचलायची हेही तिला कुणीतरी दाखवले.

याचे उदाहरण शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवड या दुष्काळी गावी चेतना सिन्हा यांनी बायकांची बँक काढण्यासाठी अर्ज केला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने तो नाकारला. प्रवर्तक स्त्रियांनी अर्जावर अंगठे उठवलेले होते. त्या बायकांनी वर्ग लावून अक्षरे गिरवली आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या. म्हणाल्या, कुठलीही रक्कम सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो, आणि तुमच्या साहेबांना यंत्राशिवाय काढायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. गरीब बाईला हिशेब येत नाही हा समज टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसणाऱ्यांचा. त्या बाजूला मीही अनेक वर्षे बसलो आहे.

सुप्याची होळी आणि फोनवरचे बटण

आता दुसरी बाजू. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे आणि दुकाने फोडली. त्यांचा मुख्य रोख कर्जखतांवर होता. ती मिळतील तिथे जाळण्यात आली. ज्या कागदावर काय लिहिले आहे हे माहीत नाही आणि खाली आपली निशाणी आहे, त्या कागदाची ती होळी होती. १८७९ च्या कायद्याने मग शेतकऱ्याचे कर्जखत गावच्या निबंधकापुढे, सरकारी नोंदीने करण्याची तरतूद केली. म्हणजे सावकाराने स्वतः आणलेला साक्षीदार नको, दोघांना सारखा परका असलेला साक्षीदार हवा.

दीडशे वर्षांनी तो कागद फोनमध्ये शिरला आहे. केनयात एम-पेसावरच नोव्हेंबर २०१२ मध्ये झटपट कर्ज सुरू झाले. तीस दिवसांना साडेसात टक्के आकार. वर्षाचा दर काढला तर नव्वद टक्के. ज्या वाटेने भावाचे पैसे येत होते त्याच वाटेने आता कर्ज येऊ लागले, आणि हप्ता चुकला की नाव पतनोंदीच्या काळ्या यादीत. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ च्या सुरुवातीच्या दोन महिन्यांत कर्ज देणारी सुमारे अकराशे अॅप आढळली. त्यांपैकी सहाशे बेकायदा होती. फोनमधली नावे आणि फोटो काढून घ्यायचे आणि वसुलीसाठी नातेवाइकांना फोन करून बदनामी करायची, ही त्यांची रीत. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने या धंद्यासाठी नियमावली काढली. त्यापूर्वी ऑक्टोबर २०१० मध्ये सूक्ष्मकर्जाच्या वसुलीचा जाच एवढा वाढला होता की, आंध्र सरकारला वटहुकूम काढावा लागला होता.

कर्ज वाईटच असते असे मी म्हणणार नाही. कर्ज देऊन माझे पोट चालले. पण सूक्ष्मकर्जाची जी जादू सांगितली गेली, ती हैदराबादसह सहा देशांतल्या प्रयोगांतून दिसली नाही. २०१५ मध्ये ते सारे एकत्र प्रसिद्ध झाले. काहींना थोडा उपयोग झाला, आयुष्य पालटले असे क्वचितच, हा त्यांचा सूर. माझा अनुभव याहून वेगळा नाही. गरिबाचे स्वतःचे पैसे त्याच्यापर्यंत स्वस्तात आणि बिनधोक नेणारे तंत्र त्याला उभे राहायला मदत करते. दुसऱ्याचे पैसे त्याच्या गळ्यात झटपट घालणारे तंत्र त्याला आडवे पाडू शकते. फोन एकच असतो. ‘मान्य आहे’ या बटणावर टेकणारा अंगठाही तोच. पण त्या अंगठ्यासमोर तो मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे कुणी नसते. माझ्या म्हशीच्या फायलीसमोर निदान मी तरी होतो. मी कर्तव्य केले नाही, पण मला त्याबद्दल जाब विचारता येत होता.

“माझो आंगठो माझो न्हय?”

निवृत्तीनंतर मी गावी राहायला आलो. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शेजारच्या काकी पंच्याहत्तरीच्या आसपासच्या. श्रावणबाळ योजनेचे दरमहा दीड हजार रुपये त्यांच्या खात्यात जमा होतात. ते काढायला त्या बाजारातल्या ग्राहक सेवा केंद्रात जात. काचेवर अंगठा टेकायचा आणि पैसे घ्यायचे. एका महिन्यात यंत्राने त्यांचा अंगठा ओळखला नाही. पुढच्या महिन्यातही नाही. तिसऱ्या खेपेला त्यांनी मला बरोबर नेले. केंद्र चालवणाऱ्या मुलाने अंगठा घेतला, मग तर्जनी, मग उजवा हात, मग हात धुऊन यायला सांगितले. यंत्र नाहीच म्हणाले. काकींनी तीस वर्षे कारखान्यात काजूच्या बिया फोडल्या आहेत. काजूच्या टरफलातल्या तेलाने त्यांच्या बोटांची कातडी केव्हाच जळून गुळगुळीत झाली आहे. ज्या कामाने त्यांनी पोट भरले, त्याच कामाने त्यांची ओळख पुसली होती.

“भाऊ,” काकी मला म्हणाल्या, “म्हंजे माझो आंगठो माझो न्हय?”

त्या मुलाचा दोष नव्हता. त्याच्याकडे यंत्राला विचारण्यापलीकडे काही अधिकारच नव्हता. गेल्या चार खेपांत एकदा पैसे खात्यातून गेले होते आणि हातात आले नव्हते, असेही काकींचे म्हणणे होते. त्याची पावती नव्हती. कुणाला विचारायचे, हे काकींना ठाऊक नव्हते आणि सदतीस वर्षे बँकेत काढून मलाही चटकन सांगता येईना. मग आम्ही एस.टी.ने चौदा किलोमीटरवरच्या शाखेत गेलो. तिथली तरुण अधिकारी नागपूरकडची होती. रांग होती आणि दुपारचे दोन वाजून गेले होते. मला माझी पत्र्याची शाखा आठवली आणि ही मुलगी आता काय करते इकडे मी पाहत राहिलो.

तिने काकींना खुर्ची दिली. पासबुक भरून घेतले आणि प्रत्येक नोंद बोट ठेवून वाचून दाखवली. हातात न आलेले पैसे तिला सापडले, तिने तक्रार लिहून घेतली आणि क्रमांक दिला. ते पैसे पुढे दीड महिन्याने जमा झाले. मग तिने ड्रॉवर उघडून जांभळ्या शाईचे पॅड काढले. काकींचा अंगठा पैसे काढण्याच्या स्लिपवर उमटला. त्यात रेषा अशा नव्हत्याच, नुसता एक जांभळा डाग.

“दोन साक्षीदार लागतात,” ती म्हणाली. “एक बँकेचा, म्हणजे मी. दुसरा बाहेरचा. काका, तुम्ही आजींना ओळखता ना?”

“ओळखतो,” मी म्हणालो.

सही करण्याआधी मी स्लिपवरची रक्कम, तारीख आणि नाव काकींना मोठ्याने वाचून दाखवले. अधिकारी बाई थोडी हसली, पण थांबली. वाचून झाल्यावर मी सही केली. नोटा मोजल्या जात असताना मी मुद्दाम बाजूला जाऊन उभा राहिलो.